सर हंफ्री डेव्ही आणि खाणींतील अभयदीप

मनुष्याच्या नित्य उपयोगाच्या वस्तूंत दिव्याइतकी जुनी व दिव्याइतकी परिचयाची वस्तु क्वचितच दुसरी असेल. पणती, समई, कंदील, गॅसबत्ती व विजेचा दिवा अशा पायऱ्या चढत चढत तो आतां खिशांत मावणाऱ्या चिमुकल्या विजेरीपर्यंत येऊन पोंचला आहे. ह्या विजेरींत पूर्वीं तारेचा लहानसा गोळा असे. आतां तेथें एलईडी नांवाचा दाण्याएवढा प्रकाशकण बसविलेला असतो. कित्येक हौशी विद्यार्थी जुना कण काढून त्या जागीं अधिक तेजस्वी कण बसविण्याचा उद्योग करतात, आणि त्यांना लवकरच एक गोष्ट कळून येते. ती ही कीं, प्रकाश वाढविणें फारसें अवघड नाहीं. त्याबरोबर जी उष्णता उत्पन्न होते तिची वाट लावणें हेंच खरें अवघड काम होय. कणाच्या पाठीशीं तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती घट्ट बसवून उष्णतेला बाहेर पडावयास मार्ग करून दिला नाहीं, तर नवा कण तापून मंदावतो व अखेर निकामी होतो. दिव्याची उष्णता धातूच्या वाटेनें दूर नेण्याची ही युक्ति दिसावयास लहान आहे. परंतु तिच्याच आधारानें दोनशें वर्षांपूर्वीं एका थोर रसायनशास्त्रज्ञानें, ज्यांना दिवा हाच मृत्यूचा दूत वाटे अशा गरीब मजुरांच्या हातांत रक्षण करणारा दिवा दिला. त्या शास्त्रज्ञाचें नांव सर हंफ्री डेव्ही. त्याचें चरित्र अनेक दृष्टींनीं मनन करण्यासारखें असल्यामुळें तें येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. कथील व तांबें ह्यांच्या खाणींविषयीं हा प्रांत फार प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे. तेथील पेन्झन्स ह्या समुद्रकांठच्या गांवीं ता. १७ डिसेंबर १७७८ रोजीं हंफ्रीचा जन्म झाला. बाप रॉबर्ट हा लांकडावर नक्षी कोरण्याचें काम करी. घरची स्थिति बेताची होती व पांच भावंडांत हंफ्री हा वडील होता. लहानपणीं शाळेंतील अभ्यासांत त्यानें विशेष चमक दाखविली असें नाहीं. समुद्रकिनाऱ्यावर भटकावें, गळ टाकून मासे धरावे, बरोबरीच्या मुलांना जमवून रंगवून रंगवून गोष्टी सांगाव्या, आणि सवड मिळेल तेव्हां घरच्या घरीं शोभेची दारू करून उडवावी, हे त्याचे आवडते उद्योग होते. तथापि त्याची स्मरणशक्ति तीव्र होती आणि जें डोळ्यांस दिसेल त्याचें कारण शोधून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

इ. स. १७९४ च्या अखेरीस बाप वारला. त्याच्या मागें कर्ज राहिलें, आणि पांच मुलांचें पोषण करण्याचें ओझें विधवा आईवर येऊन पडलें. त्या धीराच्या बाईनें एका दुसऱ्या बाईच्या भागीदारींत स्त्रियांच्या टोप्या व वस्त्रें ह्यांचें दुकान घातलें आणि कर्ज फेडण्याचा मार्ग धरिला. ह्या आपत्तीनें सोळा वर्षांच्या हंफ्रीचे डोळे उघडले. पुढील वर्षीं बोर्लेस नांवाच्या एका शस्त्रवैद्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला. औषधें कुटावीं, पुड्या बांधाव्या व रोग्यांच्या घरीं पोंचवाव्या, असें त्याचें काम असे. परंतु तेवढ्यावर संतुष्ट न राहतां त्यानें स्वतःच्या अभ्यासाची एक मोठी यादी वहींत लिहून काढली. तींत भूगोल, वनस्पतिशास्त्र, शारीर, तर्कशास्त्र, गणित आणि निरनिराळ्या भाषा इतक्या विषयांचा समावेश होता. यादी करणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. हंफ्रीनें ती बऱ्याच अंशीं पार पाडली, हा त्याच्यांतील विशेष होय.

इ. स. १७९७ च्या सुमारास प्रसिद्ध फ्रेंच रसायनज्ञ लाव्हॉझिए ह्याचा ग्रंथ त्याच्या हातीं पडला, आणि तेथून त्याच्या आयुष्याला निराळें वळण लागलें. प्रयोगशाळा नाहीं, उपकरणें नाहींत, शिकविणारा कोणी नाहीं. तरी औषधाच्या बाटल्या, मातीचीं भांडीं व स्वयंपाकघरांतील पळ्या ह्यांवरच त्यानें प्रयोग चालविले. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट ह्याचा मुलगा ग्रेगरी हा हवापालटासाठीं पेन्झन्स येथें येऊन डेव्हीच्या आईकडे राहिला असतां त्याची ह्या तरुणाशीं मैत्री जमली. डेव्हीज गिडी नांवाच्या एका विद्वान गृहस्थाचीहि त्याच्यावर मर्जी बसली. ह्या लोकांच्या शिफारशीनें १७९८ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षांत, तो ब्रिस्टल येथें डॉक्टर बेडोज ह्यांच्या संस्थेंत प्रयोगाधिकारी म्हणून गेला. निरनिराळे वायु हुंगवून रोग बरे करतां येतील कीं काय, हें पाहण्यासाठीं ती संस्था निघाली होती.

तेथें डेव्हीनें जे प्रयोग केले ते साहसाचे होते. तो एकेक वायु तयार करी आणि प्रथम स्वतःच हुंगून पाही. एकदां कार्बन मोनॉक्साइडयुक्त विषारी वायु हुंगल्यामुळें तो मरतां मरतां वांचला. नायट्रस ऑक्साइड, ज्याला आपण हास्यवायु म्हणतों, त्याचे गुण त्यानें १७९९ सालीं बारकाईनें तपासले. हा वायु हुंगला असतां दुखणें कमी होतें असें त्याच्या अनुभवास आलें आणि, ज्यांत रक्तस्राव फार होत नाहीं अशा शस्त्रक्रियांत त्याचा उपयोग होण्यासारखा आहे, अशी सूचनाहि त्यानें १८०० सालीं आपल्या ग्रंथांत करून ठेविली. परंतु त्या सूचनेचा पाठपुरावा त्यानें स्वतः केला नाहीं व इतरांनींहि केला नाहीं. पुढें चाळीसांहून अधिक वर्षें रोगी शस्त्राखालीं जागेपणीं तळमळत राहिले. १८४४ सालीं अमेरिकेंत होरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें हा वायु दांत काढण्याच्या कामीं वापरला. सत्य दृष्टीस पडणें निराळें व तें कामास लावणें निराळें, हें ह्या गोष्टीवरून लक्षांत येईल. दिव्याच्या बाबतींत मात्र डेव्हीनें ही उणीव राहूं दिली नाहीं.

इ. स. १८०१ मध्यें लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या नव्या संस्थेनें त्याला बोलावून घेतलें आणि पुढच्याच वर्षीं तो तेथें रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. त्याचें रूप तरतरीत होतें, वाणी प्रसन्न होती व प्रयोग करून दाखविण्याची हातोटी विलक्षण होती. त्याचीं व्याख्यानें ऐकण्यासाठीं लंडनांतील सरदार, विद्वान व कुलीन स्त्रिया ह्यांची एकच गर्दी होई. कातडीं कमावणें, शेतीची जमीन सुधारणें, असले व्यवहारोपयोगी विषयहि त्यानें हातीं घेतले. व्होल्टाची विद्युन्माला तेव्हां नुकतीच निघाली होती. तिच्या प्रवाहानें पदार्थांचें पृथक्करण करतां येईल हें डेव्हीनें ओळखलें, आणि १८०७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून त्यानें एक नवीन धातु वेगळी केली. चांदीसारखे चकचकीत गोळे बाहेर पडून पेट घेऊं लागले, तेव्हां तो आनंदानें प्रयोगशाळेंत नाचूं लागला, असें त्याच्या सहायकानें लिहून ठेविलें आहे. ही धातु म्हणजे पोटॅशियम. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोडियम व पुढील वर्षीं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम व स्ट्राँशियम ह्या धातूहि त्यानें मिळविल्या. क्लोरिन हें मूलतत्त्व आहे हें त्यानें १८१० सालीं सिद्ध केलें व त्याला तें नांव दिलें. मोठ्या विद्युन्मालेच्या साहाय्यानें कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें दिपवून टाकणारी विजेची कमान त्यानें लोकांस करून दाखविली. विजेच्या दिव्याचा उगम ह्या कमानींत आहे.

इंग्लंड व फ्रान्स ह्यांचें हाडवैर चाललें असतांहि फ्रेंच विद्वत्सभेनें आपलें पारितोषिक ह्या इंग्रज शास्त्रज्ञास दिलें. १८१२ सालीं त्याला सर हा किताब मिळाला व त्याच सुमारास एका श्रीमंत विधवेशीं त्याचा विवाह झाला. त्याच वर्षीं एका स्फोटक द्रव्याचा प्रयोग करतांना त्याच्या डोळ्यास इजा झाली. लिहिण्याच्या कामीं मदतनिसाची गरज पडली, तेव्हां मायकेल फॅरडे नांवाच्या पुस्तकबांधणाऱ्या तरुणाची त्याला आठवण झाली. त्या तरुणानें त्याचीं व्याख्यानें ऐकून त्यांचीं टिपणें सुबक बांधून त्याजकडे पाठविलीं होतीं. १८१३ सालीं फॅरडेला संस्थेंत नोकरी मिळाली. लोहाराच्या मुलाला हात देऊन वर आणणारा हा लांकूडकाम्याचा मुलगा आपलें बाळपण विसरला नव्हता.

आतां ज्या कार्यामुळें त्याचें नांव झोपड्याझोपड्यांतून घेतलें गेलें त्याकडे वळूं. इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसल शहराच्या आसपास दगडी कोळशाच्या मोठमोठ्या खाणी होत्या. कोळशाच्या थरांतून मिथेन नांवाचा एक वायु झिरपत असतो. त्याला रंग नाहीं व वास नाहीं. म्हणून तो केव्हां आला हें कळत नाहीं. हवेच्या शंभर भागांत पांचापासून पंधरापर्यंत भाग हा वायु मिसळला म्हणजे उघड्या ज्योतीचा स्पर्श होतांच भयंकर भडका उडतो. स्फोटाच्या पाठोपाठ जो दूषित वायु भरून राहतो, त्यानें गुदमरून, भडक्यांतून वांचलेले लोकहि प्राणास मुकतात. खाणींत तर काळोख असा कीं, दिव्याशिवाय एक पाऊल टाकतां येत नाहीं. दिवा नेला तर भडक्याची भीति आणि न नेला तर पोट भरत नाहीं, अशा कात्रींत तो मजूर सांपडलेला होता. चकमकीच्या दगडावर पोलादी चाक फिरवून उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडांत काम करण्याची एक रीत होती. त्यासाठीं एक पोरगा नुसता चाक फिरवीत बसे. परंतु त्या ठिणग्यांनींहि स्फोट झाल्याशिवाय राहत नसे.

ता. २५ मे १८१२ रोजीं फेलिंग येथील खाणींत असाच स्फोट झाला व ९२ माणसें ठार झालीं. त्यांत कोंवळीं पोरेंहि पुष्कळ होतीं. खाणींतील आग विझावी म्हणून तिचीं तोंडें बंद करावीं लागलीं, आणि कित्येक आठवड्यांनंतर तीं उघडून प्रेतें बाहेर काढण्यांत आलीं. त्या गांवचे धर्मोपदेशक रेव्हरंड जॉन हॉज्सन ह्यांना आपल्या मंडळींतील इतक्या लोकांचा अंत्यविधि करावा लागला. त्या काळीं अशा अपघातांचा फारसा बोभाटा होऊं नये अशी खाणवाल्यांची इच्छा असे; परंतु हॉज्सन ह्यांनीं मालकांच्या रोषाची पर्वा न करतां झालेली हकीकत छापून लोकांपुढें मांडली. पुढें १८१३ सालीं संडरलंड येथें खाणींतील अपघात टाळण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तेथील डॉक्टर क्लॅनी ह्यांनीं एक दिवाहि तयार केला होता. पण त्यांत भात्यानें हवा घालावी लागे, म्हणून तो वापरण्यास अवजड पडे. अखेर ह्या मंडळीचे सभासद रेव्हरंड रॉबर्ट ग्रे ह्यांनीं १८१५ सालीं डेव्हीस पत्र लिहून ह्या कामीं साहाय्य मागितलें.

डेव्ही तेव्हां युरोपच्या लांबच्या प्रवासाहून परत येऊन स्कॉटलंडांत विश्रांति घेत होता. कीर्ति, संपत्ति व मानमरातब ह्यांची त्याला वाण नव्हती; नाहीं म्हटलें असतें तरी कोणी दोष दिला नसता. परंतु त्यानें तत्काळ होकार कळविला. ऑगस्ट महिन्यांत तो न्यूकॅसलकडे गेला, वॉल्सेंड येथील खाणीचा अनुभवी व्यवस्थापक जॉन बडल ह्याला भेटला, आणि मजुरांना काय पाहिजे व काय चालणार नाहीं हें त्यानें नीट समजून घेतलें. मग हॉज्सन ह्यांनीं खाणींतील वायु बाटल्यांत भरून लंडनला पाठविला व डेव्ही आपल्या प्रयोगशाळेंत कामास लागला.

त्याच्या विचाराची रीत पाहण्यासारखी आहे. दिवा कसा करावा हा प्रश्न त्यानें आरंभीं हातीं घेतलाच नाहीं. हा वायु पेटतो कसा, हें त्यानें अगोदर शोधलें. त्याला असें आढळलें कीं, ह्या वायूला पेट घेण्यास फार मोठी उष्णता लागते. लाल तापलेल्या लोखंडानें किंवा धुमसत्या कोळशानेंहि तो भडकत नाहीं, प्रत्यक्ष ज्योत लागते. दुसरें असें दिसलें कीं, अरुंद नळींतून ज्योत पलीकडे जाऊं शकत नाहीं, आणि कांचेच्या नळीपेक्षां धातूची नळी हें काम अधिक चांगलें करते. ह्याचें कारण उघड आहे. ज्योत म्हणजे तापलेला, जळता वायु. धातु उष्णता झपाट्यानें ओढून घेते. म्हणून अरुंद वाटेंतून जातांना तो वायु इतका थंड होतो कीं, पलीकडील वायूला पेटविण्याची शक्ति त्यांत उरत नाहीं. हवा आंत जाते, धूर बाहेर येतो, परंतु ज्योतीला मात्र दारांतच अडकून पडावें लागतें.

ह्या ज्ञानाच्या बळावर त्यानें बारीक नळ्या बसविलेले दिवे तयार केले व ता. ९ नोव्हेंबर १८१५ रोजीं रॉयल सोसायटीपुढें आपला निबंध वाचला. दुसरा कोणी असता तर येथेंच थांबला असता. पण नळ्यांची कटकट कशाला, असा विचार करून त्यानें नळी आंखूड आंखूड करीत नेली. नळी जितकी बारीक तितकी ती आंखूड असली तरी चालते, हें त्याच्या ध्यानांत आलें. आणि अत्यंत बारीक व अत्यंत आंखूड अशा शेंकडों नळ्या एकत्र म्हणजे तरी काय, साधी तारेची जाळीच कीं नाहीं! एका चौरस इंचांत ७८४ छिद्रें असलेल्या जाळीचें नळकांडें त्यानें तेलाच्या साध्या दिव्यावर बसविलें, आणि अभयदीप तयार झाला. पत्र आल्यापासून कांहीं थोड्या महिन्यांतच ही सर्व मजल त्यानें गांठली. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत गॅसच्या ज्योतीवर तारेची जाळी आडवी धरली असतां ज्योत जाळीखालींच राहते, हा प्रयोग पुष्कळांनीं पाहिला असेल. डेव्हीच्या दिव्याचें सारें मर्म त्यांत सांठविलें आहे.

ता. ९ जानेवारी १८१६ रोजीं हेबर्न येथील खाणींत ह्या दिव्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली व तींत तो उतरला. ह्या दिव्याचा आणखी एक गुण असा कीं, तो केवळ रक्षक नव्हता, तर सूचकहि होता. हवेंत घातक वायु आला कीं, ज्योतीभोंवतीं निळसर टोपी चढे व ती वाढत जाई. प्राणवायु कमी झाला कीं, दिवा मंदावून विझे. अशा रीतीनें न दिसणारा शत्रु मजुराच्या डोळ्यांस दिसूं लागला.

ह्या शोधाचा मक्ता घेतला असता तर डेव्हीला वर्षास पांच ते दहा हजार पौंड सहज मिळाले असते, असें बडल ह्यानें त्यास सुचविलें. परंतु डेव्हीनें तें साफ नाकारलें. मनुष्यजातीच्या उपयोगी पडावें एवढाच आपला हेतु होता, आणि पोटापुरतें आपणांस आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. कोणत्याहि लोहारानें अथवा जस्तकाम्यानें तो दिवा करावा व कोणींहि वापरावा, अशी त्यानें मोकळीक ठेविली. पुढें १८१७ सालीं खाणींच्या मालकांनीं सुमारें अडीच हजार पौंड किंमतीचीं चांदीचीं भांडीं त्यास नजर केलीं. ह्या भांड्यांचा शेवटहि त्याला शोभण्यासारखाच झाला. त्याच्या इच्छेप्रमाणें वारसांनंतर तीं रॉयल सोसायटीकडे आलीं, आणि त्यांच्या पैशांतून रसायनशास्त्रांतील उत्तम शोधासाठीं डेव्ही पदक देण्याची वहिवाट १८७७ सालापासून सुरू झाली.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच सुमारास किलिंगवर्थ येथील खाणींत जॉर्ज स्टीव्हन्सन नांवाचा एक यंत्रकामगार होता. पुढें आगगाडीच्या इतिहासांत अजरामर झालेला तो हाच. त्यानेंहि डेव्हीची माहिती नसतां स्वतःच्या अनुभवानें एक दिवा बनविला व १८१५ च्या ऑक्टोबर महिन्यांत जिवावर उदार होऊन खाणींतील वायूंत तो नेऊन पाहिला. तेव्हां खरा शोधक कोण, असा मोठा वाद माजला. अक्षरओळखहि मोठेपणीं करून घेतलेल्या ह्या मजुराला असा शोध लागणें डेव्हीला खरें वाटेना, आणि त्यानें कठोर शब्द वापरले. न्यूकॅसलच्या लोकांनीं वर्गणी करून स्टीव्हन्सनला एक हजार पौंड दिले. आज शांतपणें पाहतां असें दिसतें कीं, दोघेहि आपापल्या वाटेनें एकाच मुक्कामाजवळ आले होते. एक शास्त्राच्या प्रकाशांत व दुसरा अनुभवाच्या आधारानें. डेव्हीसारख्या थोर पुरुषानें, जो स्वतः गरिबींतून वर आला होता त्यानें, दुसऱ्या गरिबाच्या बुद्धीविषयीं संशय घ्यावा, हें त्याच्या चरित्रांतील एक उणें होय.

अभयदीपाची खरी योग्यता समजण्यास त्याचे दोषहि पाहिले पाहिजेत. जाळीमुळें उजेड फार अंधुक पडे. म्हणून कित्येक मजूर चोरून जाळी काढून काम करीत आणि जिवास मुकत. जाळी गंजली, फाटली किंवा तापून लाल झाली, तर तिचा भरंवसा उरत नसे. वाऱ्याचा जोराचा झोत आला तर ज्योत जाळीपलीकडे फेंकली जाई. त्याहून खेदाची गोष्ट अशी कीं, हा दिवा मिळाल्यावर मालकांनीं पूर्वीं सोडून दिलेल्या अधिक खोल व अधिक घातक जागीं माणसें उतरविलीं, आणि हवा खेळती ठेवण्याकडे कित्येक ठिकाणीं दुर्लक्ष केलें. त्यामुळें अपघात अपेक्षेप्रमाणें कमी झाले नाहींत. १८३५ सालीं पार्लमेंटच्या समितीनें चौकशी केली तेव्हां ही गोष्ट स्पष्टपणें पुढें आली. उपकरण कितीहि चांगलें असलें तरी लोभाच्या हातीं गेलें म्हणजे त्याचें पुण्य ओसरतें, हा बोध ह्यांत आहे.

तरी डेव्हीनें घालून दिलेला पाया पक्का होता. मागाहून आलेल्या कारागिरांनीं ज्योतीभोंवतीं जाड कांच बसवून उजेड वाढविला, वाऱ्यापासून रक्षण करण्यासाठीं जाळीवर पत्र्याचें आवरण घातलें, आणि एकाच्या जागीं दोन दोन जाळ्या वापरल्या. पुढें विजेचे दिवे आले व मजुराच्या टोपीवर चढले. आज त्या टोपीवरील दिव्यांत एलईडीचा कण असतो. त्याला ज्योत नाहीं, तार नाहीं व तो थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश देतो. पण त्याच्याहि मागें धातूची बैठक लागतेच. डेव्हीच्या जाळीनें उष्णता ओढून बाहेरच्या वायूचें रक्षण केलें. आजची चकती उष्णता ओढून प्रकाशकणाचेंच रक्षण करते. हेतु निराळे, परंतु धातु उष्णतेला वाट देते हा सृष्टीचा नियम दोन्ही ठिकाणीं एकच आहे. ज्योतीचा जुना अभयदीपहि एकदम नाहींसा झाला नाहीं. उजेडाचें काम गेलें तरी वायूची पारख करण्यासाठीं तो इंग्लंडांत तसाच आपल्या भारतांतील कोळशाच्या खाणींतहि दीर्घकाळ वापरांत राहिला.

डेव्हीच्या उत्तर आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १८१८ सालीं त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली व १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. लढाऊ जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यानें झिजत असे. त्यावर लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडले असतां तांबें झिजत नाहीं, असें त्यानें दाखविलें. तांबें वांचलें खरें, परंतु त्यावर शिंपले व शेवाळ चिकटून जहाजांची गति मंदावूं लागली, आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. लोकांनीं त्याची थट्टा केली. तथापि हेंच तत्त्व आज पोलादी जहाजें व जमिनीखालील नळ ह्यांच्या रक्षणासाठीं सर्वत्र वापरतात. ज्या फॅरडेला त्यानें पुढें आणलें त्याच्या उत्कर्षाचा मात्र त्याला मत्सर वाटूं लागला, आणि १८२४ सालीं फॅरडेला रॉयल सोसायटीचें सभासदत्व देण्यास त्यानें विरोध केला. फॅरडे निवडून आलाच, आणि त्यानें आपल्या गुरूविषयीं आदर कधीं सोडला नाहीं. शिष्यानें गुरूपेक्षां मोठें व्हावें आणि तरी नम्र राहावें, ह्याचें याहून सुंदर उदाहरण मिळणें कठीण आहे.

इ. स. १८२६ च्या अखेरीस डेव्हीला अर्धांगाचा झटका आला. पुढील वर्षीं त्यानें अध्यक्षपद सोडलें. प्रकृति सुधारावी म्हणून तो युरोपांत फिरत राहिला, मासे धरण्याच्या आपल्या बाळपणच्या छंदावर त्यानें एक पुस्तक लिहिलें, आणि ता. २९ मे १८२९ रोजीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा शहरीं वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षीं त्याचें देहावसान झालें. त्याच शहरीं त्याला मूठमाती देण्यांत आली. पेन्झन्स येथें भर रस्त्यावर त्याचा जो पुतळा उभा आहे, त्याच्या हाताशीं सोडियमची कुपी नाहीं कीं राजाची सनद नाहीं. तेथें आहे तो खाणींतला दिवा.

विद्यार्थी बंधूंनो, ह्या चरित्रावरून काय घ्यावयाचें? बुद्धि हें दैवाचें देणें असेल. परंतु यादी करून ती पुरी करण्याची चिकाटी ज्याची त्यानेंच कमवावी लागते. अडचण पुढें आली असतां घाईनें उपाय न करतां तिचें कारण शोधावें, आणि उपाय हातीं लागल्यावरहि तो अधिक सोपा होईल कीं नाहीं हें पाहावें, ही डेव्हीची रीत प्रत्येकास आपल्या कामांत उपयोगी पडेल. त्याच्या उणिवांपासूनहि शिकण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या गुणांचें कौतुक करण्यांत आपलें कांहींच जात नाहीं. आणि शेवटचें असें कीं, ज्या विद्येनें त्याला सरदारांच्या पंक्तीस बसविलें तीच विद्या घेऊन तो खाणींतील पोरांसाठीं कामास लागला व तिचें मोल त्यानें घेतलें नाहीं. हातांतली विजेरी पेटवून अंधाऱ्या वाटेनें जातांना ह्या पुरुषाची आठवण ठेवावी, आणि आपणांस मिळालेला उजेड कोणाच्या उपयोगी पडेल ह्याचाहि विचार करावा.